अंगठा पुरेल एवढा फोन

फोनचा पडदा केवढा असावा, हा प्रश्न आपण आवडीनिवडीचा म्हणून सोडून देतो. कुणाला मोठा आवडतो, कुणाला आटोपशीर. ज्याची त्याची पसंती. पण पसंतीला अर्थ यायचा तर दुकानात दोन्ही प्रकारचा माल हवा. खानापूरच्या बाजारात किंवा बेळगावच्या खडेबाजारात दहा-पंधरा हजार रुपये घेऊन गेलेल्या गिऱ्हाइकापुढे आज जे नवे स्मार्टफोन येतात, ते जवळपास सगळे साडेसहा इंचांच्या वरचे असतात. रंग निवडता येतो, कॅमेरा निवडता येतो, आकार तेवढा निवडता येत नाही. “मामा, डिस्प्ले मोठा हाय, घ्या की,” असं विक्रेता सांगतो आणि मामांनाही ते पटतं. अडचण घरी गेल्यावर सुरू होते.

हा आढावा कणकुंबीकडून घ्यायला कारण आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, चोर्ला घाट उतरण्याआधी लागणारं हे गाव. माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते ती इथेच. पावसाळ्यात इथे आभाळ फाटल्यासारखा पाऊस लागतो आणि दिवसेंदिवस हटत नाही. बाहेर पडलेल्या माणसाचा एक हात छत्रीच्या दांड्याला. बेळगाव-पणजी रस्त्यावरच्या बसमध्ये उभं राहिलं की एक हात वरच्या दांडीला. रानात गेलं की एका हातात विळा नाहीतर गुराचा कासरा. फोनच्या वाट्याला येतो तो उरलेला हात. आणि याच गावात बहुतेक घरांमध्ये फोन हाच एकमेव संगणक, एकमेव वर्तमानपत्र आणि पोरांची शाळाही असतो. म्हणजे एका हातात मावणाऱ्या फोनची गरज आणि मोठ्या पडद्याची गरज या दोन्ही एकाच घरात, पुष्कळदा एकाच माणसापाशी येऊन थांबतात. म्हणून मला हा आवडीचा प्रश्न वाटत नाही. हा कामाचा प्रश्न आहे, आणि बाजाराने तो एकाच बाजूने सोडवला आहे.

साडेतीन इंचांपासून सात इंचांकडे

भारतात मोबाइलवरचा पहिला कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कोलकात्याहून पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना केला. खेड्यांपर्यंत फोन पोहोचायला पुढे काही वर्षं गेली, आणि तो पोहोचला तेव्हा पुष्कळ ठिकाणी नोकिया ११०० च्या रूपाने पोहोचला. २००३ साली आलेल्या या फोनला धूळ आत जाऊ न देणारं कळफलकाचं आवरण होतं, घाम आला तरी हातातून निसटू नये अशी बाजू होती आणि वर बॅटरी म्हणजे विजेरी होती. जगभरात त्याचे २५ कोटींच्या आसपास नग खपले. हा फोन कुणी दोन हातांनी वापरला असेल असं वाटत नाही. न बघताही त्याच्या कळा सापडायच्या.

२००७ मध्ये पहिला आयफोन आला. त्याचा पडदा साडेतीन इंचांचा, रुंदी ६१ मिलिमीटर आणि वजन १३५ ग्रॅम. ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांचं मत होतं की हातात न मावणारा मोठा फोन कुणी घेणार नाही, आणि २०१० मध्ये पत्रकारांपुढे त्यांनी ते बोलूनही दाखवलं. २०१२ च्या आयफोन ५ मध्ये पडदा चार इंचांचा झाला, पण रुंदी आयफोन ४ एसइतकीच, ५८.६ मिलिमीटर ठेवली गेली. अंगठा पडद्याच्या टोकापर्यंत पोहोचतो, हेच त्याच्या जाहिरातीत दाखवलं होतं.

पण वारं फिरलं होतं. सॅमसंगने २०११ मध्ये ५.३ इंचांचा गॅलेक्सी नोट आणला. त्याची रुंदी जवळपास ८३ मिलिमीटर होती. टीकाकारांनी नाकं मुरडली, लोकांनी मात्र तो विकत घेतला. भारतात २०१२ मध्ये मायक्रोमॅक्सच्या कॅनव्हास मालिकेने पाच इंचांचा पडदा परवडणाऱ्या किमतीत आणला. २०१४ मध्ये ॲपलने आधीची भूमिका सोडून ४.७ आणि ५.५ इंचांचे दोन आयफोन काढले. त्याच वर्षी शाओमी भारतात आली आणि मोठा पडदा, मोठी बॅटरी, कमी किंमत हे समीकरण घट्ट झालं.

खरा धक्का ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झाल्यावर बसला. डेटा स्वस्त झाला आणि फोन बोलण्यापेक्षा बघण्याची वस्तू बनला. भजन, कीर्तन, मालिका, क्रिकेट, नांगरटीचे व्हिडिओ, सगळं त्यात आलं. जिओनेच २०१७ मध्ये २.४ इंचांचा, कळांचा जिओफोन दीड हजारांच्या अनामत रकमेवर दिला होता. एका हातात सहज मावणारा आणि फोरजी चालणारा. पण २०२१ मध्ये त्याच कंपनीने पहिल्यांदा स्मार्टफोन घेणाऱ्यांसाठी काढलेला फोन ५.४५ इंचांचा होता. आज तो आकारही लहान वाटतो.

इंचांची फसवणूक

पडद्याचं माप तिरकं घेतात, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. पडद्याचा घाट बदलला की हे माप दिशाभूल करतं. २०१६ पर्यंत बहुतेक फोन १६ ला ९ या प्रमाणात होते. २०१७ पासून पडदे लांबट होत गेले आणि आज २० ला ९ हे प्रमाण सर्रास आहे. आता हिशेब करून पाहा. जुन्या घाटाच्या साडेपाच इंची पडद्याची रुंदी भरते साडेअडुसष्ट मिलिमीटर. नव्या घाटाच्या ६.७ इंची पडद्याची रुंदी भरते सत्तर मिलिमीटरच्या किंचित आत. माप १.२ इंचांनी फुगलं, रुंदी वाढली जेमतेम एक-दीड मिलिमीटर. उंची मात्र १२२ वरून १५५ वर गेली.

पडद्याभोवतीच्या काळ्या पट्ट्या गेल्यामुळे फोनच्या अंगाचं मापही वेगळीच गोष्ट सांगतं. २०१४ चा ५.५ इंची आयफोन ६ प्लस ७७.८ मिलिमीटर रुंद होता, आणि २०२४ चा ६.९ इंची आयफोन १६ प्रो मॅक्स ७७.६ मिलिमीटर रुंद आहे. दहा वर्षांत रुंदीत वाढ नाही. वजन मात्र १७२ ग्रॅमवरून २२७ ग्रॅमवर गेलं. स्वस्त फोनही याला अपवाद नाहीत. २०२३ च्या शेवटी आलेला रेडमी १३ सी हा १६८ मिलिमीटर उंच, ७८ मिलिमीटर रुंद आणि १९२ ग्रॅम वजनाचा आहे. त्यावर जाड कव्हर आणि काच चढली की रुंदी ऐंशीच्या पुढे जाते आणि वजन दोनशेच्या.

इतकी वर्षं इंचांवर वाद घातले गेले. हाताला मात्र इंच कळत नाहीत. हाताला तीन गोष्टी कळतात: मुठीत किती रुंदी येते, अंगठा वर कुठवर जातो आणि करंगळीवर किती भार पडतो. दुकानातल्या पाटीवर यांतली एकही गोष्ट लिहिलेली नसते.

हाताचं म्हणणं

स्टीव्हन हूबर या अमेरिकी रचनाकाराने २०१३ मध्ये रस्त्यावर, थांब्यांवर, विमानतळांवर माणसं फोन कसा धरतात याची निरीक्षणं प्रसिद्ध केली. एकूण १,३३३ नोंदी होत्या. पडद्याला बोट लावून काम करणाऱ्यांपैकी ४९ टक्के लोक एकाच हाताने फोन वापरत होते, ३६ टक्के एका हातात धरून दुसऱ्याने आणि १५ टक्के दोन्ही अंगठ्यांनी. तेव्हाचे फोन आजच्यापेक्षा लहान होते, त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे आज लावता येणार नाहीत. पण त्यांतून निघालेली एक गोष्ट टिकून आहे: माणूस दिवसभर एकाच पद्धतीने फोन धरत नाही. काम, जागा आणि दुसऱ्या हातातलं ओझं बदललं की धरण्याची पद्धत बदलते. ज्याचा दुसरा हात वारंवार अडकलेला असतो, त्याला पद्धत बदलायला वाव कमी.

मोठा फोन एका हाताने वापरताना काय होतं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. कणकुंबीच्या थांब्यावर पावसात उभी असलेली बाई डाव्या हातात छत्री धरून उजव्या हाताने फोन काढते. तळहातावर त्याची खालची बाजू टेकते, करंगळी खाली कडेला आधार म्हणून सरकते. अंगठा पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात आरामात फिरतो. मग एखाद्या ॲपमध्ये मागे जायचं असतं आणि मागे जायचा बाण असतो वर, डाव्या कोपऱ्यात. अंगठा ताणूनही तिथं पोहोचत नाही. मग ती फोन मुठीत थोडा खाली सरकवते, चारही बोटं वर चढवते आणि अंगठा लांब करते. या क्षणी फोनचा निम्म्याहून जास्त भाग मुठीबाहेर असतो आणि मुठीची पकड सगळ्यात ढिली असते. हात ओला असला, मागून कुणाचा धक्का लागला की फोन चिखलात. डिस्प्ले बदलायचा खर्च ऐकला की पुष्कळ जण तडा गेलेल्या काचेवरच वर्षभर काढतात.

अंगठ्याच्या बाजूने मनगट दुखण्याचं एक दुखणं स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ द केर्व्हां यांनी १८९५ मध्ये नोंदवलं होतं. ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. अंगठा हलवणाऱ्या स्नायुबंधांभोवतीच्या आवरणाला सूज येते आणि अंगठा मुठीत धरून मनगट खाली वाकवलं की कळ येते. हे दुखणं फोनच्या कितीतरी आधीचं. लेकराला सतत उचलणाऱ्या आयांमध्ये, धुणं पिळणाऱ्या, कोयता चालवणाऱ्या हातांमध्ये ते आढळतं. आता अशा रोग्याला डॉक्टर फोनबद्दलही विचारतात. सगळा दोष फोनला देणं बरोबर नाही, पण दिवसभर कामाने शिणलेल्या मनगटावर रात्री दोनशे ग्रॅमचं ओझं आणि ताणलेला अंगठा यांची भर पडते, हे खरं आहे.

बायकांच्या बाबतीत हा प्रश्न जास्त टोकदार आहे. स्त्रियांचे हात सरासरीने पुरुषांपेक्षा लहान असतात, आणि फोनची रुंदी ठरवताना त्याचा विचार होत नाही. तुर्की वंशाच्या समाजशास्त्रज्ञ झेनेप तुफेकची यांनी २०१३ मध्ये, तर ब्रिटिश लेखिका कॅरोलाइन क्रियाडो पेरेझ यांनी २०१९ च्या ‘इन्व्हिजिबल विमेन’ या पुस्तकात ही तक्रार जगापुढे मांडली. आपल्याकडे तिला खिशाची जोड आहे. साडीला खिसा नसतो, पंजाबी ड्रेसला असला तर नावापुरता. पुरुषाचा मोठा फोन शर्टाच्या खिशातून अर्धा डोकावतो, पण निदान खिशात राहतो. बाईचा फोन पिशवीत तळाशी जातो आणि वाजला की दोन हातांनी शोधावा लागतो.

पाऊस, घट्टे आणि सरकारी ॲप

आजचे पडदे बोटाचा दाब ओळखत नाहीत. बोट टेकल्यावर विजेच्या क्षेत्रात होणारा बदल ओळखतात. पाणीही वीज वाहतं, म्हणून थेंब पडले की पडदा गोंधळतो. नको तिथे आपोआप दाबलं जातं, हवं तिथे दाबलं जात नाही. उलट कामाने बोटांना घट्टे पडले, कातडी कोरडी आणि जाड झाली की पडद्याला बोट नीट कळत नाही. कणकुंबी, जांबोटी या भागात पावसाळ्यात पहिली अडचण आणि सुगीत दुसरी. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरून बोट चालवायचं हा इथला रुळलेला उपाय आहे. पण पिशवीमुळे पकड आणखी निसरडी होते, आणि मोठ्या फोनला ती जास्त भोवते.

यात सरकारी कामाची भर पडली आहे. कर्नाटकात २०२० च्या खरिपापासून शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून मोबाइल ॲपवर पीक समीक्षा करायची पद्धत आली. सीमेपलीकडे, निपाणीहून कागलला गेलं की महाराष्ट्राची ई-पीक पाहणी; ती १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू आहे. रोजगार हमीच्या कामावरची हजेरी जानेवारी २०२३ पासून सगळीकडे मोबाइलवर, फोटोसह घ्यावी लागते. अंगणवाडीच्या सेविकांना २०२१ पासून पोषण ट्रॅकर या ॲपवर माहिती भरावी लागते. महाराष्ट्रातल्या सेविकांनी त्या वर्षी ऑगस्टमध्ये सरकारने दिलेले फोन परत करण्याचं आंदोलन केलं. फोन तापतात, अडकतात आणि ॲप इंग्रजीत आहे, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. ही सगळी कामं टेबलाशी बसून करायची नाहीत. बांधावर, चिखलात, कडेवर मूल असताना, एका हाताने करायची आहेत. तरी या प्रकारच्या ॲपमध्ये मागे जायचा बाण, यादी उघडायच्या तीन रेघा आणि शोधायची खूण या गोष्टी वरच्या कोपऱ्यांतच असतात. कार्यालयात बसून दोन्ही हातांनी तपासलेलं ॲप शिवारात एका हाताने चालवायला दिलं जातं. फोनच्या आकारापेक्षा मला हा दोष मोठा वाटतो, कारण तो सुधारायला नवीन फोन लागत नाही.

मोठ्या पडद्याची बाजू

एवढं म्हटल्यावर मोठ्या पडद्यामागची गरजही तितक्याच मनापासून मांडली पाहिजे. चाळिशी लागली की जवळचं दिसेनासं होतं. चष्मा घरी राहिला तर लहान फोनवरचा संदेश वाचायला फोन लांब धरावा लागतो आणि अक्षरं आणखी बारीक होतात. मोठ्या पडद्यावर अक्षर मोठं करूनही ओळीत चार-पाच शब्द बसतात. देवनागरीला हे जास्त लागू पडतं. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार आणि खाली उकार हवा. एकाच उंचीच्या ओळीत रोमन अक्षर जेवढं ठसठशीत बसतं तेवढं ‘र्की’ किंवा ‘ष्ट्रू’ बसत नाही. मराठी वाचकाला आकार वाढवावाच लागतो, आणि वाढवला की लहान पडद्यावर सारखं सरकवत बसावं लागतं.

बेळगावच्या ‘तरुण भारत’सारख्या दैनिकाचं छापील पान फोनवर ई-पेपर म्हणून वाचणाऱ्याला हे रोज जाणवतं. आठ स्तंभांचं पान बोटांनी मोठं करून, इकडून तिकडे ओढत वाचावं लागतं. जमिनीचं कामही तसंच. कर्नाटकचा भूमी उतारा कन्नडात असतो. सीमाभागातला मराठी शेतकरी तो फोनवर उघडतो, मोठा करतो, कधी भाषांतराच्या ॲपमधून बघतो. राज्याच्या दिशांक ॲपवर आपण उभे आहोत तो सर्व्हे नंबर कोणता, ते नकाशात दिसतं. तो नकाशा चार इंची पडद्यावर वाचायचा म्हणजे डोळे फोडणं.

आणि २०२० चं वर्ष कुणी विसरलेलं नाही. शाळा बंद, घरात एक फोन आणि त्याभोवती दोन-तीन पोरं. रानातल्या गावांमध्ये रेंजसाठी माळावर, टेकाडावर जाऊन बसावं लागे. त्या वेळी पडद्याचा प्रत्येक इंच उपयोगाचा होता. मोठा फोन घेणारी माणसं भपक्यापोटी घेतात असं म्हणणं हा अन्याय आहे. ज्यांच्या घरी लॅपटॉप नाही, टॅब्लेट नाही, त्यांनी एका वस्तूत सगळं बसवायचं ठरवलं आणि मोठी वस्तू घेतली. हा शहाणपणाचाच हिशेब आहे.

बॅटरीचाही मुद्दा आहे. घाटमाथ्यावर पावसाळ्यात वीज गेली की लवकर येईल याचा भरवसा नसतो. रेंज कमी असली की फोन टॉवरला पोहोचण्यासाठी जास्त ताकद लावतो आणि बॅटरी झपाट्याने उतरते. मोठ्या अंगात मोठी बॅटरी बसते. पाच हजार एमएएच आता स्वस्त फोनांतही मिळते. कणकुंबीत मोठा फोन निवडण्याचं हे सगळ्यात सबळ कारण आहे.

निपाणीकडे गेलं तर तिसराच प्रकार दिसतो. तंबाखूच्या त्या गावात विडी वळणाऱ्या बाईचे दोन्ही हात सुपात असतात. फोन समोर टेकवून ठेवलेला, गाणं नाहीतर मालिका चालू. तिला एका हाताची नाही, शून्य हातांची सोय हवी आहे: मोठा आवाज, आवाजाने उचलला जाणारा फोन आणि लांबून दिसणारा पडदा. एकच आकार सगळ्यांना पुरेल असं म्हणणाऱ्याने कणकुंबी ते निपाणी एवढा एकच प्रवास करावा.

मराठी लिहिताना

वाचायला मोठा पडदा हवा, तर लिहायला? इंग्रजीची सव्वीस अक्षरं तीन ओळींत बसतात. मराठीच्या अधिकृत वर्णमालेत ५२ वर्ण आहेत. शिवाय बाराखडी आणि जोडाक्षरं. तेवढ्याच जागेत कळा अरुंद होतात किंवा दुसऱ्या पानावर जातात. एका अंगठ्याने, चालत्या बसमध्ये ‘ज्ञानेश्वर’ लिहायला लागणारे टप्पे मोजले तर पोरं रोमन लिपीत मराठी का लिहितात, ते कळतं.

यावर आपल्याच मातीतला एक चांगला विचार झाला आहे. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या विभागात प्रा. अनिरुद्ध जोशी यांच्या गटाने स्वरचक्र नावाचा कळफलक तयार केला. व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती त्याची बाराखडी चक्रासारखी उमटते. बोट न उचलता हव्या त्या दिशेला सरकवायचं आणि सोडायचं. ‘क’ आणि ‘की’ यांमध्ये दुसरी कळ शोधावी लागत नाही. अंगठ्याची धाव त्यामुळे कमी होते. शाळेत बाराखडी शिकलेल्या माणसाला ती मांडणी ओळखीचीही वाटते. २०१७ मध्ये गुगलने बोलून लिहिण्याची सोय मराठीसह आणखी काही भारतीय भाषांना दिली. तिने घट्टे पडलेल्या बोटांची पुष्कळ सुटका केली. बेळगावी हेल आणि कन्नड शब्द मिसळलेलं बोलणं तिला प्रत्येक वेळी कळतं असं नाही, आणि भरल्या बसमध्ये खासगी निरोप मोठ्याने सांगता येत नाही. तरी पाऊस चालू असताना ती हाताच्या मदतीला येते.

लहान फोन गेले कुठे

लहान फोन काढलेच नाहीत असं नाही. सोनीने २०१४ पासून काही वर्षं ‘कॉम्पॅक्ट’ मालिका चालवली. ॲपलने २०१६ मध्ये चार इंची, ११३ ग्रॅमचा आयफोन एसई आणला, २०२० मध्ये ५.४ इंचांचा १२ मिनी आणि पुढच्या वर्षी १३ मिनी. २०२२ मध्ये मिनीची जागा ६.७ इंची प्लसने घेतली. असूसने तीन वर्षं ५.९ इंचांचे झेनफोन काढले आणि २०२४ मध्ये ६.७८ इंचांवर उडी मारली. लहान फोन हवा म्हणणारे जगभर पुष्कळ, पण विकत घेणारे कमी निघाले, असा कंपन्यांचा निष्कर्ष.

हा निष्कर्ष मला अपुरा वाटतो. १२ मिनी भारतात ६९,९०० रुपयांना आला होता. तो न घेणाऱ्याने आकार नाकारला की किंमत? लहान अंगात तेवढाच ताकदवान मेंदू आणि कॅमेरा बसवायला जास्त खर्च येतो, बॅटरीला जागा उरत नाही आणि स्वस्त पडद्यांचा पुरवठाही मोठ्या मापांतच होतो. कंपन्यांच्या या अडचणी खऱ्या आहेत. पण त्यामुळे लहान फोन ही श्रीमंतांची चैन बनली, आणि ज्यांचा एक हात कामात असतो त्यांच्यापर्यंत तो पोहोचलाच नाही. पंधरा हजारांत, पाच हजार एमएएचची बॅटरी असलेला सहा इंची फोन खानापूरच्या दुकानात ठेवून पाहिल्याशिवाय लोकांना तो नकोच आहे, असं म्हणता येणार नाही.

बॅटरीची सबबही आता ढिली पडते आहे. सिलिकॉन-कार्बन प्रकारच्या नव्या बॅटऱ्या कमी जागेत जास्त वीज साठवतात. जून २०२५ मध्ये भारतात आलेल्या वनप्लस १३ एस या ६.३२ इंची फोनमध्ये ५,८५० एमएएचची बॅटरी आहे. किंमत मात्र तेव्हा ५४,९९९ रुपयांपासून होती. तंत्र आलं आहे, ते खाली उतरायचं बाकी आहे. घडीच्या फोनांनी खिशाचा प्रश्न सोडवला, अंगठ्याचा नाही; उघडल्यावर तेही पावणेसात इंचांच्या घरात जातात.

हातात आहे त्या फोनचं काय

तोवर मोठ्या फोनला वळण लावता येतं. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, पडद्याच्या डाव्या किंवा उजव्या कडेवरून आत सरकवलं की मागे जाता येतं. वरचा बाण शोधावा लागत नाही. अँड्रॉइड १२ पासून एका हाताचा पर्याय पुष्कळ फोनांत आहे. तो चालू केला की खालच्या कडेवर बोट खाली ओढताच वरचा भाग अंगठ्याजवळ उतरतो. आयफोनमध्ये ही सोय २०१४ पासून आहे. जीबोर्डमध्ये कळफलक एका बाजूला सरकवता येतो. डावखुऱ्यांनी आणि उजव्या हातात काम धरणाऱ्यांनी ते जरूर करून पाहावं. गुगल मॅप्समध्ये दोन बोटांनी चिमटा काढायची गरज नाही. दोनदा टिचकी मारून दुसऱ्यांदा बोट न उचलता वर-खाली सरकवलं की नकाशा लहान-मोठा होतो. पिकाचा फोटो आवाजाच्या कळीने काढता येतो. आणि दोरी किंवा मागची अंगठी लावली तर पडण्याची भीती निम्मी होते.

ॲप बनवणाऱ्यांतही जाग येते आहे. सॅमसंगने २०१८ च्या वन यूआयमध्ये पाहण्याचा भाग वर आणि दाबण्याचा भाग खाली ठेवला. ॲपलने २०२१ मध्ये सफारीची पत्त्याची पट्टी खाली आणली. व्हॉट्सॲपने २०२४ मध्ये अँड्रॉइडवर आपले टॅब वरून खाली उतरवले. कोट्यवधी मराठी अंगठ्यांचा ताण या एका बदलाने कमी झाला.

नवीन फोन घ्यायचा असेल तर इंच विचारू नयेत. दुकानात चालू स्थितीतला फोन मागावा, कारण दाखवायच्या नकली नमुन्याला वजन नसतं. त्यावर कव्हर चढवून घ्यावं. ज्या हाताने बाहेर वापरणार त्या हातात, पकड न हलवता, अंगठा समोरच्या कडेला लागतो का ते पाहावं. आपल्या नेहमीच्या आकाराच्या मराठी अक्षरांत एक मोठा संदेश उघडून वाचावा आणि एका अंगठ्याने चार ओळी लिहाव्यात. रुंदी पंचाहत्तरच्या आत आणि वजन १८० ग्रॅमच्या आसपास मिळालं, तर आजच्या बाजारात ते चांगलं समजावं. घरात दोन फोन असतील तर एक मोठा आणि एक आटोपशीर असावा. बाहेर कामाला जाणाऱ्याने आटोपशीर न्यावा आणि मोठा घरी वाचायला, शिकायला ठेवावा. आज बहुतेक घरांत नेमकं उलट होतं, आणि घरातल्या बाईच्या वाट्याला जुना, जड आणि तडा गेलेला फोन येतो. ते आधी बदलायला हवं.

कंपन्या गिऱ्हाइकाचं ऐकतील तेव्हा ऐकतील. पण सरकारला थांबायचं कारण नाही. बंगळूरू, मुंबई आणि दिल्ली यांपैकी जे कुणी शेतकऱ्याला, सेविकेला, मजुराला ॲप सक्तीचं करतं, त्याने ते प्रसिद्ध करण्याआधी एक चाचणी घ्यावी. जुलै महिन्यात, स्वस्तातल्या साडेसहा इंची फोनवर, एका हातात छत्री धरून, शेताच्या बांधावर उभं राहून ते शेवटपर्यंत भरता आलं पाहिजे, आणि त्या भागातल्या लोकांच्या भाषेत भरता आलं पाहिजे. जे ॲप या चाचणीत नापास होईल, ते सक्तीचं करू नये.